शेंग पिकेपर्यंत

पहिल्या बाळंतपणाआधीच मला सवत आली. ती जेमतेम वीतभर उंच होती, तिला फिकट जांभळी फुलं येत आणि ती तोरणमाळच्या कड्यावर उगवली होती.

हे पुण्याच्या एका साहेबांसाठी सातपुड्यातली झाडंझुडपं गोळा करीत. नवी फुलं मिळायची तर पावसातच, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढात आम्ही वर चढलो. मी प्रकाशा गावची, तापीकाठच्या सपाट काळ्या रानात वाढलेली. मला चहूकडे उघडं आभाळ बघायची सवय. इथे दारातून हात बाहेर काढला तर धुकंच लागायचं. तेव्हा घाटात मोटार जात नव्हती, आणि ओढे भरले की पायवाटही बंद. दिवसभर मी चुलीवर टीपकागद शेकत बसायची. दाबून ठेवलेल्या झाडांचे कागद रोज बदलले नाहीत तर सगळ्याला बुरशी धरते. माझ्या लुगड्यांनाही धरली होती, पण त्याचं कुणाला काही नव्हतं.

श्रावणात यांना ते झुडूप सापडलं. सगळी पुस्तकं चाळून झाली, त्याचं वर्णन कशातच नव्हतं. "नवी जात आहे!" म्हणत हे चपलांसकट स्वयंपाकघरात आले. सगळी मिळून तीनच झाडं होती. दोन फुलांसकट दाबली आणि तिसरं राखलं, कारण पिकलेली शेंग आणि बी बघितल्याशिवाय साहेब नवी जात मान्य करणार नव्हते. त्याच्याभोवती यांनी काट्यांचं कुंपण घातलं. त्याला एकच शेंग धरली. ती तडकून बी उडून जाऊ नये म्हणून तिला मलमलीची पिशवी बांधायची होती. ती मी शिवली, बाळाच्या झबल्यासाठी आणलेल्या कापडातून.

भादवा सरता सरता वाट उघडली आणि माझा धाकटा भाऊ मला न्यायला आला.

"गाडी घाटना खाले उभी शे. माय वाट देखी ऱ्हायनी," तो म्हणाला.

"शेंग पिकली की मीच आणून पोचवतो," हे म्हणाले. "ही गेली तर कागद कोण बदलणार?"

"दाजी, झाड कोठे पळी जाई? मन्ही बहीणना दिन भरी ऱ्हायनात."

हे नुसते हसले. जावयापुढे तो आणखी काय बोलणार? एकटाच उतरला. मी कड्यापर्यंत गेले, पण झाडीत गाडी काही दिसली नाही. मला भयंकर राग आला, यांचा, शेंगेचा, पोटातल्या जिवाचासुद्धा. पहिलं बाळंतपण आईकडे व्हावं, एवढंच माझं मागणं होतं.

शेजारच्या झोपडीत एक पावरा जमातीची बाई राहायची. तिची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला. आमचं सगळं खुणांवर चालायचं. मी रोज कुंपणाशी जाऊन ती पिशवी चाचपायची आणि खालच्या वाटेकडे बोट दाखवून रडायची, ते ती बघायची. तिच्या लोकांत नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. त्या दिवसापर्यंत काकडीसुद्धा वेलावर तशीच लोंबत राहते. आम्हीही त्या दिवसासाठीच थांबलोय, अशी तिची समजूत झाली.

तिच्या पाड्यावर नव्याचा सण झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात नवी भगर, काकडीची फोड आणि मधोमध पिशवीसकट ती शेंग. तिनं वाटेकडे बोट दाखवलं, माझ्या पोटावर हात ठेवला आणि मनापासून हसली. सण झाला, आता जा आईकडे.

यांनी शेंग फोडली. आत बी पांढरंफटक, कच्चं. हे तिच्यावर खूप ओरडले आणि मग मटकन ओट्यावर बसले. मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

"आता राखायला उरलंय काय? चल, तुला पोचवतो," हे म्हणाले. मी बोचकं बांधायला घेतलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "मूळ शाबूत आहे, पुढच्या पावसाळ्यात तिथेच पुन्हा फुटेल ते. या वेळी आपण आधीपासून राखू."

आईकडे मला मुलगी झाली. ज्येष्ठात तिला पाठीशी बांधून मी पुन्हा तोच घाट चढले. पावरा बाई वाटेवरच भेटली. तिनं लेकीला घेतलं, तिच्या गालाला गाल लावला. मग तिचा चेहरा उतरला. लेकीला माझ्या हातात देऊन तिनं कुंपणाच्या जागेकडे बोट दाखवलं, स्वतःचे कान धरले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. यंदा ती शेंगेला शिवणार नव्हती.

त्या डोंगरावर माझ्यावर कुणी एकच उपकार केला होता, आणि तो पुन्हा करणार नाही असं ती मला वचन देत होती. ते तिला खुणेनं कसं सांगायचं, मला कळेना. मी मान डोलावली आणि कागद शेकायला आत गेले.