आबांचा हत्ती आणि तिरपा उजेड

आमच्या गावात कुणी फारच मोठी थाप मारली की लोक म्हणतात, "घ्या, आबाचा हत्ती." हे आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी धर्मापुरीकडच्या माळावर मेंढरं चारताना त्यांना मातीत तांब्याचं एक जाड, वेडंवाकडं नाणं सापडलं. त्यावर सोंड उचललेला हत्ती आहे, असं ते तेव्हापासून सांगत आले. दुसऱ्या कुणाला तो कधीच दिसला नाही.

त्यात आमच्या आईचा हात मोठा. दर लक्ष्मीपूजनाला चांदीच्या रुपयांबरोबर ती हे नाणंही चिंच आणि राख लावून घासायची. म्हणजे हत्ती असलाच, तर तो दरवर्षी थोडा थोडा तिनंच धुऊन काढला, आणि वर हसायलाही तीच सगळ्यांच्या पुढे.

मी बीडला शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आईनं नाणी ताटात काढली आणि चिंच भिजत घातली. काका ओट्यावर बसले होते. "वहिनी, जरा जोरात घासा," ते म्हणाले. "आवंदा हत्ती निघतोय बघा."

एरवी या वाक्यावर आबांनी काकांना उभं-आडवं घेतलं असतं. त्या दिवशी ते नुसते हसले. त्यांची नजर आता अधू झालीय, समोरचा माणूस ते आवाजावरून ओळखतात. जरा वेळानं म्हणाले, "आता मला बी न्हाई दिसत. तवा मलाच तसं वाटलं असंल."

माझं डोकंच फिरलं. काकांचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यात जास्त आबांचा. उभ्या गावाचं हसणं अंगावर घेऊन जो माणूस कधी शब्दावरून हलला नाही, तो असा ओट्यावर बसल्या बसल्या हरला होता. मी ताटातून नाणं उचललं आणि जाहीर केलं, याचा फोटो निघाल्याशिवाय याला चिंच लागणार नाही.

"पूजा संध्याकाळी हाय," आई म्हणाली. "तवर काय करायचं ते कर."

आधी मोबाईलचा फ्लॅश मारून पाहिला. नाण्याच्या मधोमध पांढराफटक डाग उमटला, बाकी काळोख. ट्यूबखाली ते करपलेल्या पापडासारखं दिसलं. मग मी माझा हुकमी एक्का काढला. धड्यांचे व्हिडिओ करायला घेतलेला रिंग लाईट मी बीडहून सोबत आणला होता. चहूबाजूंनी सारखा उजेड, कुठे म्हणून सावली पडत नाही. तो नाण्याच्या बरोबर वर धरला आणि फोटो काढला. इतका स्वच्छ फोटो की काय सांगावं! फक्त त्यात नाणं शर्टाच्या गुंडीसारखं गुळगुळीत होतं.

आबा दारात घोंगडीवर बसून माझी खुडबुड ऐकत होते. "दिवा कुठं धरलास?" त्यांनी विचारलं.

"बरोबर वर."

"वर? चुकलेल्या मेंढराचा माग तू भर दुपारी काढशील का, माय?"

मी जागीच थांबले. लहानपणी मी त्यांच्याबरोबर असे माग काढायला गेले होते. ते दिवस उगवता उगवता निघत. उन्हाकडे तोंड करून खाली वाकत, आणि एकेका खुराच्या कडेला पडलेली बारीकशी सावली मला बोटानं दाखवत. दुपारी तीच जमीन पुसल्यासारखी कोरी दिसायची.

"ते नाणं बी सकाळीच घावलं हुतं," आबा म्हणाले. "ऊन जमिनीला घासून येत हुतं तवा."

मी रिंग लाईट बंद करून बाजूला ठेवला. माझ्या अभ्यासाच्या दिवसांतला टेबल लॅम्प फळीवरून काढला. खोलीची दारं-खिडक्या लावल्या, आबांची घोंगडी मागून घेतली आणि घडी करून जमिनीवर ठेवली. तिच्यावर नाणं ठेवलं. लॅम्प शेजारी आडवा केला, इतका खाली की उजेड नाण्याला घासून पलीकडे जाईल. मग बोटानं नाणं हळूहळू फिरवायला लागले. अर्ध्या फेऱ्यापर्यंत काहीच नाही. आणखी थोडं फिरवलं तशी एक पाठ वर आली. तिच्याखाली पाय. पुढे डोकं, आणि डोक्यावरून वर गेलेली सोंड.

प्रकाशाचा धडा मी इतकी वर्षं मुलांना शिकवतेय. सावलीशिवाय उंचसखल कळत नाही, हे फळ्यावर आकृती काढून सांगते. आणि ऐन वेळी मला ते सांगितलं शाळेची पायरी न चढलेल्या आबांनी. त्यांची लेक असण्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. घाईघाईत पहिले दोन फोटो हललेच.

तिसरा नीट आला. मी दार उघडून बाहेर पळाले आणि मोबाईल आबांच्या डोळ्यांजवळ धरला. "आबा, हत्ती हाय. सोंड वर हाय. पुढचा पाय बी उचललाय."

काका ओट्यावरून उठले. आई चिंचेची वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

आबांनी मोबाईल हातानं हळूच बाजूला सारला. "मला कशाला दावतीस? मी पाह्यलाय," ते म्हणाले. "ज्यायनी न्हाई पाह्यला त्यायला दाव."