मुहूर्ताचं पोतं आणि जलीलचा गुडघा

जलीलचं नाव काढलं की आजबी माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू? उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आम्ही दोघं एकाच टोळीतले हमाल. नऊ वर्षं दसऱ्याला नव्या सोयाबीनचं मुहूर्ताचं पोतं थप्पीच्या माथ्यावर मीच ठेवलं. ज्याच्या पाठीवर ते पोतं, वर्षभर टोळी त्याच्या शब्दावर चालती. जलील दुसऱ्या नंबराचा. अंगानं बारीक, बोलणं कमी, तंबाखूबी न्हाई. असल्या माणसाचा राग यायला कारण लागत न्हाई.

जूनमधी थप्पीवर चढायची फळी मोडली. आम्ही एकामागं एक चढत होतो, दोघंबी पोत्यासकट खाली. दोघांचाबी उजवाच गुडघा. लातूरला डॉक्टर लुंबिनीबाईंकडं गेलो, तपासण्या झाल्या, मार सारखाच निघाला. तेवढंच समाधान.

बाईंनी समजावलं. हाडांच्या टोकाला कूर्चेची, म्हंजी मऊ हाडाची, गादी असती. तिच्यात रगत फिरत न्हाई, म्हणून ती लवकर भरत न्हाई. पण तिच्या विणीतच ग्रोथ फॅक्टर नावाचा पदार्थ दडून बसलेला असतो. मार बसला की तो लगेच सुटतो अन् भोवतालच्या पेशींना जागं करतो, लागा दुरुस्तीला म्हणून. एवढं ऐकून मी उठलो. बाई सारख्या जलीलकडंच बघून बोलत होत्या, अन् तो हुशार पोरावानी मान हलवून राहिला होता. मला ते बघवलं न्हाई. बाहेर जाऊन चहा पीत बसलो.

परतीच्या एसटीत माझं डोकं चालाया लागलं. मार बसला की औषध सुटतं, मग जितका जास्त मार तितकं जास्त औषध. जलीलला हे सुचायच्या आत आपण गुडघा लोखंडाचा करायचा. दुसऱ्याच दिवसापासून मी एकाच्या जागी दोन पोती उचलाया लागलो. संध्याकाळी गुडघा भोपळ्याएवढा सुजायचा. मी बायकोला म्हणायचो, औषध सुटायलंय.

जलील मात्र वजनकाट्यापाशी बसून दाभण अन् सुतळीनं पोत्यांची तोंडं शिवत होता. आमच्या मोंढ्यात ते काम बायकांचं. घडीघडीला उठायचा, रिकाम्या पाठीनं एक चक्कर मारायचा, परत बसायचा. टोळी हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

तीनदा त्यानं मला गाठलं.

"अण्णा, तुम्ही उठून गेलात. बाई पुढंबी बोलल्या होत्या, ऐकून तर घ्या."

तीनदाबी मी त्याला झिडकारलं. वाटलं, जळायलाय माझ्यावर. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

दसरा आला. पोत्याला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. पाठीवर घेऊन मी फळीवर चौथं पाऊल टाकलं अन् गुडघा अडकला. वर जाईना, खाली येईना. खाली सगळा मोंढा उभा, माझी बायकोबी. एकाएकी पाठ हलकी झाली. जलीलनं मागून पोतं आपल्या पाठीवर सरकवून घेतलं होतं. टोळीतल्या दोघांनी मला धरून उतरवलं, अन् तो सावकाश चढून माथ्यावर पोतं ठेवून आला. हसला असता तर शिव्या तरी घातल्या असत्या. हसलाबी न्हाई मेला.

राहिलेलं अर्धं मग मला लातूरला ऐकावं लागलं. पेशींना हाक जाती ती एका मारानं. दुरुस्ती होती ती बिनओझ्याच्या हलक्या हालचालीनं, तीबी पुरी न्हाई. मारावर मार बसला तर गादी पोखरणारे पदार्थच जास्त जागे होतात.

"रेवणप्पा, आता पोतं उचलायचं नाही," बाई म्हणाल्या.

आता काट्यापाशी मी बसतो. दाभण जलीलचंच, त्याच्या मुठीनं गुळगुळीत झालेलं. यंदा मुहूर्ताचं पोतं माझ्याकडंच शिवायला आलं. मी शेवटचा टाका ढिला सोडला. मुद्दाम. फळीवर सोयाबीन सांडलं की पाय घसरतोच. जलीलनं पोतं पाठीवर घेतलं अन् त्याचा उजवा गुडघा जरासा थरथरला. दुसऱ्या कुणाला दिसलं न्हाई. मला दिसलं.

"थांब जलील. उतरव ते."

पोतं मी परत शिवलं, दुहेरी टाक्यानं. ते वर गेलं, टाळ्या पडल्या. पोटात दुखायचं ते दुखलंच.