आबांच्या तोफगोळ्याचे साल

मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या गावात इंग्रजी वाचणारा मी एकटाच होतो. बारामतीला हायस्कुलात असताना एसटीतून माझी भाकरी यायची, ती बहुतेक वेळा शेजारच्या आबांच्या घरची असायची. म्हणून त्यांच्या नातीच्या सोयरिकीच्या दिवशी मला बोलावणे आले, तेव्हा मी हातातले काम टाकून गेलो.

वडगाव निंबाळकरहून मुलाकडची माणसे आली होती. मुलगी पसंत होती. पण मुलाच्या मामांची नजर कोनाड्यातल्या पितळी नळकांड्यावर खिळली होती. ते तोफगोळ्याचे रिकामे नळकांडे आबांनी पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याहून आणले होते, असे गाव धरून चालत होते. मामा स्वतः दुसऱ्या महायुद्धात फौजेबरोबर ब्रह्मदेशात होते.

"आबा, फौजेतला कागुद दावा की."

"वाळवीनं खाल्ला."

"बरी गावली वाळवी! पुण्याच्या बाजारात असली नळकांडी ढिगानं मिळत्यात." मग मामा माझ्याकडे वळले. "तुमी शिकलेलं. बुडाला साल असतंय, वाचा. लढाईचं खोटं सांगणारा पोरीचं खरं कशावरनं सांगंल?"

खरे तर मलाही शंका आली होती. आबा लढाईच्या गोष्टी कधी धड सांगत नसत. विचारले की बैलाला पाणी दाखवायला उठायचे. मी नळकांडे उलटे केले. बार उडवणाऱ्या मधल्या टोपीभोवती सगळे घासून गुळगुळीत झाले होते. एकच आकडा स्पष्ट दिसला: ४३.

"त्रेचाळीस," मी म्हणालो.

मामा उठलेच. "म्हंजे आमच्या लढाईचं. चला."

आबा बैलाला पाणी दाखवायला उठले. नात आतल्या दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा आत गेली.

दोन दिवस मला चैन पडले नाही. एवढे सगळे झिजले आणि एकच आकडा कसा राहिला? तिसऱ्या दिवशी मी आबांच्या घरी गेलो आणि आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "झिजंल न्हाय तर काय? दर खंडेनवमीला पूजा असती त्याची. चिंच, राख, विटकरीची पूड, घास घास घासती मी."

म्हणजे मानापायीच पुरावा पुसला जात होता. मी बुडाच्या खाचांतले जुने हळदकुंकू काडीने काढले, वर पातळ कागद धरला आणि पेन्सिलीचे शिसे हलक्या हाताने आडवे फिरवले. डोळ्यांना न दिसलेले कागदावर उमटले. ४३ च्या आधी 'लॉट' अशी पुसट अक्षरे होती. तो मालाच्या खेपेचा क्रमांक होता. पलीकडे कडेला १९१६.

तो कागद घेऊन मी वडगावला गेलो. मामांनी तो उन्हात धरून पाहिला.

"पेन्सिल कुणाची?"

"माझी."

"भाकरी कुणाची खाल्ली?"

"त्यांची," मी म्हणालो. "म्हणून तर तुम्हीच येऊन बघा."

मामा आले. आबा ओट्यावर बसले होते. "माझ्या शबुदाला आता पेन्सिल लागती व्हय?" म्हणून त्यांनी तोंड फिरवले. नातीनेच नळकांडे आणून मामांच्या पुढ्यात उलटे ठेवले. मामांनी स्वतःचा कागद काढला आणि स्वतःच्या हाताने शिसे फिरवले.

"सोळाचं हाय," ते म्हणाले. "पर सोळा सालचं भांडंबी बाजारात मिळंल. आणणारा कोण, ते कुठं लिवलंय?"

 

आबा वळले. "न्हाय लिवलं. म्या तिथं खेचरं हाकली, तोफ कवा डागली न्हाय. सांगण्यासारखं हाय काय त्यात?"

मामांनी कागद खाली ठेवला. "खेचरं? ओझ्याची?"

"व्हय. मेली निम्मी तहानेनं."

"आमची चिखलात मेली," मामा म्हणाले आणि ओट्यावर आबांच्या शेजारी टेकले. मग आतल्या बाजूला हाक दिली, "पोरी, च्या टाक. तुझ्या सासरचं माणूस आलंय."

मी आबांची माफी मागायला पुढे झालो. त्यांनी मला हाताने खाली बसवले आणि खेचरांचे पुढे सांगू लागले.