नावेतल्या फळ्या

त्या वर्षी दिवाळीनंतर गावात उंदीर मरून पडायला लागले आणि आठ दिवसांत सगळं गाव रानात झोपड्या घालून राहायला गेलं. आम्हाला मात्र कुणी रानात जागा दिली नाही. गाठीच्या तापानं पहिल्यांदा आमचीच तीन वर्षांची मुलगी गेली होती, आणि आजार आमच्या घरातून निघाला असं सगळे धरून चालले होते. गावातल्या चार जणांनी येऊन आमचं छप्पर पेटवलं. मी त्यांना अडवलं नाही. बायकोनं भांडी, पिठाचा डबा आणि दोन गोधड्या आधीच बाहेर काढून ठेवल्या होत्या.

मी भीमेवरचा नावाडी. साथीमुळं नदीवरची ये-जा बंद होती. बैलगाडी चढेल एवढी जुनी, सपाट तळाची नाव माझ्याकडं होती. ती डोहाच्या कडेला बाभळीला बांधली, वर तट्ट्याचं छप्पर घातलं आणि आम्ही दोघं तिच्यात राहू लागलो.

नावेत राहणं सोपं नसतं. तळातून पाणी झिरपतं; सकाळी उपसलं तरी दुपारपर्यंत पुन्हा पावलं बुडतात. ज्वारीचं पीठ दोनदा भिजलं, मिठाचं पाणी झालं. तेव्हा बायको म्हणाली की एक फळी ठोकली तर सामान वर राहील. तिनं एकच फळी मागितली होती, हे मला नीट आठवतं.

सुताराला मी वर्षानुवर्षं पैलतीरी नेऊन सोडलं होतं. त्याच्या रानाकडं गेलो तर त्यानं मला बांधावरच थांबायला सांगितलं. करवत, रंधा आणि हातोडा बांधावर आणून ठेवला, पुन्हा लिंबाखाली जाऊन उभा राहिला आणि तिथून ओरडून मला काम समजावलं. बाहेरच्या फळीत खिळा मारायचा नाही, नाव फुटेल. आतली जी आडवी वाकडी लाकडं बरगड्यांसारखी असतात, त्यांतच मारायचा. एवढं सांगून तो पाठ फिरवून गेला.

लाकडासाठी मी कुर्डुवाडीला चालत गेलो. स्टेशनाजवळ एक भंगारवाला मोडक्या खोक्यांच्या फळ्या विकायचा. मी कुठून आलो ते मी त्याला सांगितलं नाही. बाजारात मला पाहून कुणी बाजूला सरत नव्हतं, लोकांचे खांदे माझ्या खांद्याला लागत होते. फळ्या घेऊन झाल्यावरही मी तिथं बराच वेळ उगाच उभा राहिलो.

नावेची भिंत सरळ नसते. सरळ फळी लावली की मागं हात जाईल एवढी फट राहायची. मग मी बांबूची ओली कामटी नावेच्या अंगाला दाबून वाकवली, तो बाक फळीवर आखून घेतला आणि करवतीनं कापला. फळी समपातळीत बसली की नाही, ते पाहायला पैलतीरावरच्या पाण्याच्या रेघेकडं डोळा लावायचा. पहिली फळी बसली. बायकोनं तिच्यावर डबे मांडले आणि ती पलीकडच्या बाजूला गेली, तशी नाव कलली आणि सगळे डबे घसरून पाण्यात पडले. मी फळीच्या कडेला उभी पट्टी ठोकली. मग वजनानं नाव त्याच अंगाला झुकायला लागली, म्हणून समोर दुसरी फळी बसवली.

इथवर सगळं गरजेचं होतं. पुढं तिसरी, चौथी, पाचवी फळी मी का बसवली, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. करवत चालू असली की बोलावं लागत नाही. बायको कधी मध्येच मुलीबद्दल काहीतरी काढायची. तिला पाणी आवडलं असतं का, भीती वाटली असती का, असं. माझ्या ओठांत खिळे धरलेले असायचे. मी नुसती मान हलवायचो.

सहावी फळी बसवताना ती माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"आवं, ठेवायला काय न्हाय आता आपल्याकडं," ती म्हणाली. "फळ्या पुरं करा. एकदा तरी तिचं नाव घ्या."

ओठांतले खिळे काढायला कितीसा वेळ लागतो? मी ते काढले नाहीत. वळून हातोडा मारला. खिळा वाकडा गेला, बरगडी चुकून बाहेरच्या फळीत घुसला आणि तिथून पाणी आत येऊ लागलं. मी भोकात चिंध्या कोंबत होतो, ती खाली बसून पाणी उपसत होती. त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही.

माघ संपता संपता साथ ओसरली. लोक घरी परतले. माहेराहून, केमहून तिचा भाऊ तिला न्यायला आला, तर तिनं गाठोडं बांधूनच ठेवलं होतं. पाडव्याला न्यायला येतो, असं मी सांगितलं.

"या," ती म्हणाली. "पर नुसतं न्यायला येऊ नगा."

पाडव्याला गेलो. वाटभर काय बोलायचं ते जुळवत होतो. तिनं तांब्याभर पाणी दिलं आणि उंबऱ्यावर बसून राहिली, मी बोलायची वाट बघत. मी नदीचं पाणी उतरल्याचं सांगितलं. उतारू पुन्हा येऊ लागल्याचं सांगितलं. सुतारानं हत्यारं परत घेताना चुन्यानं धुऊन घेतली, तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग खुरपं उचललं आणि रानाकडं गेली. पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा गेलो, तेव्हा ती घराबाहेर आलीच नाही. भाऊ मला स्टेशनपर्यंत सोडायला आला.

नाव सोडून मी कुर्डुवाडीला रेल्वेत खलाशी झालो, रुळांच्या कामावरचा मजूर. तिथंच अक्षरं शिकलो. कामाच्या गाडीबरोबर केमवरून जाणं व्हायचं. एकदा ती फलाटावर दिसली, भावजयीबरोबर कुणाची तरी वाट बघत होती. केस पिकले होते. गाडी बराच वेळ थांबली होती. मी उतरलो नाही.

तिच्या भावाचा निरोप आला तेव्हा तिचं तेरावंही होऊन गेलं होतं. मी रजा मागितली नाही. भोंगा झाला तसा कामावर गेलो.