एक खिडकी अंधारी दाखव

जुन्या शहराच्या चौकात, घड्याळाच्या मनोऱ्यासमोर एक चार मजली हॉटेल आहे. तिथल्या खोल्या लावणारे तात्या म्हणजे मुलखाचे चोखंदळ. चादरीवर एक सुरकुती दिसली की त्यांच्या कपाळावर दहा उमटायच्या. पण त्यांची खरी कला चादरीत नव्हती, ती रिकाम्या खोल्यांत होती.

शहर बघायला माणसं लोटायची, नाही असं नाही. पण सकाळी बसमधून उतरायची, तट बघायची, वेशीसमोर फोटो काढायची आणि दिवस कलला की त्याच बसने पुढच्या गावी मुक्कामाला जायची. हॉटेलाच्या वाट्याला यायचे ते फक्त स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारणारे. रिकामं हॉटेल बघून उरलासुरला पाहुणाही बिचकतो, म्हणून मॅनेजरसाहेबांनी शक्कल काढली. दिवेलागणीला चौकाकडच्या सगळ्या खोल्यांत दिवे लावायचे. काम तात्यांकडे आलं आणि तात्यांनी त्यात जीव ओतला. एका खोलीत फक्त उशाजवळचा दिवा, म्हणजे कुणीतरी वाचत पडलंय. दुसरीत न्हाणीघरातला. तिसरीच्या गॅलरीत ओला टॉवेल. शिवाय पडद्यामागून स्वतःच दोन फेऱ्या मारायचे, एकदा टोपी घालून, एकदा टोपीशिवाय. ‘घरीसुद्धा बोलायचं नाही’ अशी मॅनेजरची ताकीद होती आणि तात्या शब्दाचे पक्के. खुद्द बायकोलाही पत्ता नव्हता.

मुलीने एकदा जेवताना सहज विचारलं होतं, "बाबा, तुमचं हॉटेल खरंच एवढं भरलेलं असतं?"

"एक खिडकी अंधारी दाखव," तात्या म्हणाले होते. यात खोटं एक अक्षर नव्हतं. उलट त्या दिवशी त्यांना चार घास जास्तच गेले.

मग एका दुपारी मुलगी आणि जावई हॉटेलवर आले आणि तात्यांना ओढतच शेजारच्या इमारतीत घेऊन गेले. वर्षानुवर्षं बंद पडलेली इमारत, आत कबुतरांचं राज्य.

"कशी वाटते?" जावयाने विचारलं.

"कशासाठी?"

"हॉटेलसाठी! आपलं हॉटेल, बाबा. उद्या भाडेकरारावर सही. अनामत आणि डागडुजीसाठी आमचं घर विकून मोकळे झालो. म्हटलं, तुम्हाला चकित करू."

चकित! तात्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. राहतं घर? मुलीने हौसेने रंगवलेलं ते स्वयंपाकघर, नात पहिल्यांदा उभी राहिली ती गॅलरी, सगळं विकलं?

"अरे पण... कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? अख्खा मंदीचा मोसम मी रोज संध्याकाळी चौकात उभा राहून तुमच्या खिडक्या मोजल्यात. शहरात कुत्रं फिरकत नाही अशा दिवसांतही हॉटेल फुल्ल! धंदा एवढा जोरात असेल, तर शेजारच्याला पाहुणे मिळणार नाहीत होय?"

तात्या पायरीवर मटकन बसले. म्हणजे हे आपणच केलं. आपल्या टोपीने आणि आपल्या ओल्या टॉवेलने पोटच्या पोरीचं घर बुडवलं. शब्द गेला खड्ड्यात, असं म्हणून त्यांनी घडाघडा सगळं सांगून टाकलं. दिवे, टॉवेल, फेऱ्या, काही ठेवलं नाही.

जावई हसायलाच लागला. "मालकानं पढवलंय ना हे? शेजारी दुसरं हॉटेल नकोय त्याला. खाल्ल्या मिठाला जागताय बाबा, कळतंय मला."

"टोपी घालून फेऱ्या?" मुलगी म्हणाली. "बाबा, काहीतरीच काय!"

आता काय करावं? जन्मात पहिल्यांदा गुपित फोडलं, तर ते कुणाला खरं वाटेना. तात्यांनी कपाळाला हात लावला. मग उठले.

"संध्याकाळी चौकात या दोघं. सहीआधी एकदा माझ्यासोबत खिडक्या मोजा. दुसरं काही मागत नाही."

दिवस मावळला. तिघंही मनोऱ्याखालच्या बाकावर बसले. दुकानांचे दिवे लागले, रस्त्यावरचे लागले. शेवटची बस पाहुण्यांना घेऊन वेशीबाहेर पडली. हॉटेल मात्र वरपासून खालपर्यंत काळंठिक्कर. बऱ्याच वेळाने तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी उजळली. तिथे खराखुरा पाहुणा होता, पाय मुरगळून बस चुकलेला. मोजायला उचललेलं जावयाचं बोट त्या एकीवरच अडकलं.

"आज काय झालंय हॉटेलला?" त्याने विचारलं.

"आज मी इथं बसलोय," तात्या म्हणाले.

तेवढ्यात हॉटेलच्या दारातून मॅनेजरसाहेब धावत बाहेर आले, त्यांनी वर बघितलं, आणि "तात्या! अहो तात्या!" अशी हाक चौकभर घुमली. तात्या जागचे हलले नाहीत. नोकरी गेली हे त्यांना कळून चुकलं होतं, पण त्याचं काही वाटायला मनात जागाच नव्हती. उद्याची सही टळली, तेवढं तरी वाचलं. विकलेलं घर थोडंच परत येणार होतं!

मुलगी त्या अंधाऱ्या खिडक्यांकडे बघत राहिली. मग तिने बापाकडे मान वळवली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "जेवताना. विचारलं होतं ना मी, बाबा?"