ओढ्यापलीकडची पालं

आज चकलांब्याच्या वाटेवर मेंढरांचे दोन कळप समोरासमोर आले आणि बघता बघता एक झाले. धूळ, लोकरीचा उग्र वास, आणि दोघं मेंढके बांधावर निवांत चिलीम ओढत बसलेले. कळप आपसूक फुटतो, त्यांना कसली काळजी? मी मात्र या वयातही भिऊन चार पावलं मागं सरले.

माझे सासरे मेंढके होते. कुठलं मेंढरू कुठं जाईल हे देवालाही सांगता यायचं नाही, म्हणायचे. पण कळपाची रीत सांगता येते. लहान कळप मोठ्याकडं ओढला जातो, मोठा आणखी मोठा होतो, आणि जितका मोठा तितकं त्याला फुटायला थोडकं निमित्त पुरतं. कुत्रं भुंकलं तरी बास!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला, घराघरांत उंदीर मरून पडू लागले, तसं सगळं गाव उठून माळावर गेलं. सासऱ्यांनी आमचं पाल ओढ्याच्या अलीकडं, एकटंच ठोकलं. पलीकडं मात्र भ्यालेली माणसं एकमेकांकडं सरकत होती. आज दोन पालं जवळ यायची, उद्या त्यांना तिसरं चिकटायचं. माझं माहेर त्याच गावातलं. विधवा आई त्या गर्दीत होती. तान्ह्या लेकीला पदराखाली घेऊन मी रोज तिकडं बघायची. सासरेही बघायचे. "लई मोठं झालंय," म्हणायचे, "आता फुटंल."

आणि फुटलंच. एका सकाळी तिथं कुणाच्या तरी काखेत गाठ निघाली, अन् दुपारपर्यंत सगळा तळ उधळला. कोण कुणीकडं पळालं, त्याला काही धरबंदच नाही. त्यातली एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन थेट आमच्याकडं येत होती. माझी आई.

"तितंच थांबा, इहीणबाई!" सासरे ओरडले.

"मला काय बी झालं न्हाई, इवाई."

"ते कळाया चार दिस लागत्यात." मग ते माझ्याकडं वळले. "पोरी, तुझी माय हाय. तू ये म्हण, मी आडवा येनार न्हाई."

लेक दूध ओढत होती. 'ये', एवढंच म्हणायचं होतं. मी मान खाली घातली. आईनं ओढ्याच्या पाण्यात घातलेलं पाऊल मागं घेतलं, म्हणाली, "बरं बाई. लेकीला जप." आणि ओढ्याच्या कडेनं एकटीच निघून गेली.

तिला काहीसुद्धा झालं नाही. पुढं खूप वर्षं जगली. गाव पुन्हा वसलं, लेकीला लेकरं झाली, सासरे गेले. त्यांचं कळपाचं गणित खरं ठरलं होतं; माझ्या आईचं काय होणार, हे मात्र त्यात कुठंच नव्हतं. सणासुदीला आई यायची, पण अंगणातच थांबायची. "येऊ का गं?" विचारायची. रागानं नव्हे, अगदी साधं. आणि मी, तिच्या पोटची, 'ये' म्हणायच्या आधी दरवेळी तिच्या मानेकडं बघून घ्यायची, गाठ तर नाही ना म्हणून.