दर्भाचा कावळा

पुराच्या आदला दिवस रविवारचा, म्हणजे मंदिर परेडचा. साल ऐंशीच्या दशकाच्या शेवटचं. आमची सॅपर्सची कंपनी तेव्हा घाटावर होती. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग काढणारा, पाण्यात बोट घालणारा सैनिक. मी हवालदार होतो, बोट सेक्शनचा कमांडर. देव मी तेव्हाही मानत नव्हतो, आजही मानत नाही. पण मंदिर परेडला कधी गैरहजर राहिलो नाही. परेड म्हणजे परेड. इस्त्रीचे कपडे, ओळीत मांडी घालून बसणं, आरती आणि मग शिरा. शिऱ्यावर माझी श्रद्धा पक्की होती.

माझ्या शेजारी नाईक दत्ताराम बसायचा. नाईक हा हुद्दा, माझ्या खालचा. मूळचा मालवणकडचा, वाढलेला डोंबिवलीत. आरती मोठ्याने आणि बेसूर म्हणायचा. मी ठाण्याच्या कोपरीचा, तो डोंबिवलीचा, म्हणजे पलटणीत आम्ही सख्खे गाववालेच. ड्यूटीवर तो मला रीतसर 'उस्ताद' म्हणायचा, ड्यूटी सुटली की 'मोऱ्या'. माझं नाव मोरेश्वर. या नावाच्या माणसाने देव मानू नये याची त्याला भारी गंमत वाटायची.

त्या रविवारी शिरा खाताना त्याने नेहमीचा प्रश्न टाकला.

"मोऱ्या, देव नाही म्हणतोस. मेल्यावर पण काही नाही. मग सकाळी उठतोस कशाला?"

"पी.टी.ला."

"आणि पेन्शन झाल्यावर?"

"तेव्हा बघू."

"तेव्हा मी येतो उठवायला," म्हणाला आणि माझ्या द्रोणातला काजू उचलून खाल्ला.

माझा देव कसा गेला असं लोक विचारतात. काहीतरी मोठा आघात झाला असणार अशी त्यांची अपेक्षा असते. तसं काही झालं नाही. ओहोटीचं पाणी जातं तसा तो गेला. कधी गेला ते कळलं नाही, नुसता चिखल दिसायला लागला तेव्हा लक्षात आलं. आम्ही कोळी. बाबा खाडीत मासेमारी करायचे. सुट्टीवर असताना मी त्यांना हे सांगितलं. ते जाळं विणत होते. म्हणाले, "देव नाय म्हनतंस, मंग होरी कोनाचे भरवशावर घालाची?" मी म्हटलं, "वल्ह्याच्या." बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वल्हं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, चल.

आमच्या सेक्शनमध्ये बोट पाण्यात घालण्याआधी नाळेवर, म्हणजे तिच्या पुढच्या टोकावर, नारळ फोडायची पद्धत होती. तो मान बोट कमांडरचा, म्हणजे माझा. पण मनात नसताना हात जोडायचे हे मला जमत नव्हतं. पहिल्याच वर्षी दत्तारामने माझ्या हातातला नारळ घेतला. म्हणाला, "आणा उस्ताद, तुमच्या वाटचं मी करतो." तेव्हापासून नारळ तो फोडायचा आणि इंजिन मी सुरू करायचो. अशी आमची वाटणी ठरून गेली.

सोमवारी पहाटे ऑर्डर आली. उल्हास नदीला पूर, मोहन्याकडच्या काठावरच्या वस्तीत पाणी, सिव्हिलला, म्हणजे मुलकी प्रशासनाला, मदत करायची. बोटी ट्रकवर चढवल्या, घाट उतरलो. पोरं विचारत होती, उस्ताद, तुमचा मुलूख ना? मुलूख आमचाच होता. पण कल्याण सोडल्यावर मलाही ओळखू येईना. सगळीकडे एकाच रंगाचं, चहासारखं पाणी.

दत्तारामने नारळ फोडला, मी ओबीएमची दोरी ओढली. ओबीएम म्हणजे बोटीच्या मागे लावायचं इंजिन. वस्तीतल्या चाळींचे पत्रे तेवढे वर होते आणि पत्र्यांवर माणसं बसलेली होती. आम्ही फेऱ्या सुरू केल्या. माणसं घ्यायची, काठावर उतरवायची, परत फिरायचं. दुपारपर्यंत सगळं शिकवल्याप्रमाणे चाललं होतं.

शेवटच्या चाळीवरची माणसं घेऊन निघालो. बायका, मुलं, एक म्हातारेबुवा. बोट भरलेली होती. धारेच्या मध्यावर इंजिन एकदा घरघरलं आणि बंद पडलं. मागे वाकून बघितलं. पंख्याला नायलॉनचं जाळं गुंडाळलं होतं. पहिल्या पाण्याला चढणीचे मासे येतात, त्यासाठी कुणीतरी खांब रोवून लावलेलं. पूर आल्यावर ते काढायला कोण जाणार? खांब घट्ट, जाळं घट्ट, मध्ये अडकलेली आमची बोट. ती आडवी व्हायला लागली आणि कडेवरून पाणी आत आलं. खाली शहाडच्या बाजूला पुलाचे खांब दिसत होते.

मी वायरलेस सेट उचलला.

"वन, टू बोलतोय. बोट अडकली. पंखा जाळ्यात. ओव्हर."

"टू, वन. अँकर टाका. ओव्हर."

"तळ धरत नाही. ओव्हर."

"दुसरी बोट पाठवतोय. थांबा. ओव्हर."

थांबण्याइतका वेळ नव्हता. दत्तारामने तोपर्यंत कमरेला लाइफलाइन बांधली होती. दोरीचं दुसरं टोक बोटीच्या कडीला. "उस्ताद, जातो," म्हणाला आणि पाण्यात उतरला. परवानगी मागितली नाही, मीही दिली नाही. तिथे दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

त्याने चाकूने पंखा मोकळा केला. पण कापलेलं जाळं धारेने त्याच्याच पायांभोवती फिरलं. आता जाळं खांबाला, दत्ताराम जाळ्यात आणि आमची भरलेली बोट त्याच्या कमरेच्या दोरीला लटकलेली. दोरी ताठ झाली. बोटीची मागची बाजू खाली दबली. मुलं किंचाळायला लागली. मी दोरी धरून ओढत होतो, पण धारेपुढे माझी ताकद कितीशी? त्याने वर बघितलं. पाणी त्याच्या हनुवटीपर्यंत होतं. त्याने बोटीतल्या माणसांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मोऱ्या, इंजिन मार!"

आणि चाकू दोरीवर चालवला.

ड्यूटीवर त्याने मला मोऱ्या म्हटलं ते एवढंच. मी इंजिन मारलं. ते लागलं. पुलाच्या खांबांच्या थोडं अलीकडे बोट वळली आणि काठाला लागली. माणसं उतरवून मी रिकामी बोट घेऊन परत गेलो, तेव्हा तिथे जाळ्याचा खांबही नव्हता आणि दत्तारामही नव्हता.

काठावर म्हातारेबुवांनी आकाशाकडे बघून हात जोडले. "देवानं तारलं," म्हणाले. मला संताप आला. कामाला दत्ताराम आणि नावाला देव. माझ्या हातात दोरीचं सरळ कापलेलं टोक होतं. ते त्यांच्या नाकासमोर धरावं असं वाटलं. धरलं नाही. म्हातारा थंडीने कापत होता. मी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या खाडीकडे दत्ताराम सापडला.

दहाव्याला सुभेदारसाहेब आणि मी कंपनीतर्फे आलो. विधी शहाडजवळ, नदीच्या काठावरच ठेवला होता. त्याच नदीवर व्हायला हवा, असं त्याच्या आईने सांगितलं होतं. आम्ही तिला काकू म्हणायचो. दहाव्याला बायका सहसा घाटावर येत नाहीत. काकू आल्या. कोणी अडवलं नाही.

वाटेत सुभेदारसाहेब मला म्हणाले होते, "त्या माउलीने विचारलं तर सांग, रामाचं नाव घेत गेला म्हणून."

"साहेब, त्याने घेतलं नाही."

"अरे, तुझं काय जातं? तू तर देवही मानत नाहीस. तुला खोटं बोलायला कुणाची भीती?"

मी वाटभर त्याचाच विचार केला.

धाकट्या भावाने पिंड मांडला. समोरच्या बाभळीवर कावळे भरपूर, पण एकही खाली येईना. मग रिवाजाप्रमाणे एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. भाऊ म्हणाला, आईला मी सांभाळीन. मामा म्हणाले, धाकट्याचं शिक्षण पुरं करू. कावळे ढिम्म. सुभेदारसाहेबांनी टाचा जुळवल्या आणि खणखणीत आवाजात सांगितलं, दत्ताराम, कंपनी तुझ्या घराला विसरणार नाही. कावळ्यांनी रँकचाही मान ठेवला नाही. ऊन वर चढलं. माणसं कुजबुजायला लागली. काहीतरी राहिलंय म्हणे, जीव अडकलाय.

काकू उठल्या आणि सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"मोरेश्वर, तू होतंस मां थंय? शेवटाक तेच्या तोंडात देवाचा नाव होता काय रे? नाव घेवक नाय म्हणान तर माझो झील अडाकलो नाय मां?"

सुभेदारसाहेब माझ्याकडे बघत होते. एका शब्दाचं काम होतं. 'होतं' म्हटलं की बाई सुटली असती, मीही सुटलो असतो.

पण माझी अडचण वेगळी होती. जे देव मानतात त्यांच्यासाठी दत्ताराम पुढे कुठेतरी गेला होता. तिथे त्याला बघणारा कोणी होता, त्याने काय केलं ते तिथे माहीत होतं. इथे कोणी काही वेगळं सांगितलं तरी तिथलं बिघडणार नव्हतं. माझ्या लेखी तो कुठेही गेला नव्हता. तो संपला होता. उरलं होतं ते एवढंच, की तो कसा जगला आणि शेवटच्या क्षणी त्याने काय केलं. बोटीतल्यांपैकी त्याला ओळखणारा मी एकटा होतो. तो मी बदलला, तर दत्तारामचं काहीच उरलं नसतं. भीती होती ती याची.

"नाही काकू," मी म्हटलं. "देवाचं नाव नव्हतं. 'मोऱ्या, इंजिन मार' म्हणाला. मग स्वतःची दोरी स्वतःच कापली. कापली नसती तर बोट बुडाली असती."

कोणीतरी "शू" केलं. सुभेदारसाहेबांनी मान खाली घातली. काकू माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी हात पाठीमागे धरले.

"बोटीत कोण होती?"

"बायका, पोरं. एक म्हातारा."

"काठाक लागली मां सगळी?"

"सगळी लागली."

त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि मागे वळल्या.

"गुरुजी, दर्भाचो करा. तेका आणखी खोळंबून ठेवू नकात."

कावळा आलाच नाही तर दर्भाचा करतात आणि तो पिंडाला शिववतात, हे मी ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. गुरुजींनी गवताच्या काड्या घेतल्या, वळल्या, गाठ मारली. वर बसलेल्यांची वाट बघून झाल्यावर माणसाने आपल्या हाताने कावळा केला आणि काम पुरं केलं. मला ती रीत आवडली. इतकी वर्षं देवळांत उभा राहिलो, पण मनापासून हात जोडले ते त्या दिवशी, त्या गवताला.

मी निवृत्त होऊन कोपरीला आलो तेव्हा नव्वदचं दशक लागलं होतं. पी.टी. नव्हती, तरी सकाळी उठायचो. उन्हाळ्यात मोहन्याच्या पोरांना दोरी आणि बोट शिकवायला जायचो. पावसाळ्यापूर्वी नदीतली जाळी काढून घ्यायला लावायचो. त्यावरून भांडणंही व्हायची. वर्षातून एकदा डोंबिवलीला काकूंकडे. त्या माझ्यासाठी शिरा करायच्या. "तुझो देव नाय, पण शिरो खा," म्हणायच्या. त्यांचा देव मात्र पक्का होता. मला त्यांनी कधी बदलायला बघितलं नाही आणि मीही त्यांना नाही.

दशक सरत आलं तेव्हा काकू गेल्या. धाकट्याला सांगून ठेवलं होतं, माझ्या दहाव्याला कावळ्याची वाट बघत बसू नका. दर्भाचा करा आणि तो मोरेश्वराला करू दे. शहाडच्या त्याच काठावर गुरुजींनी थोडं तोंड वाकडं केलं, पण आईची इच्छा म्हटल्यावर काड्या माझ्या हातात दिल्या. मी वळल्या, गाठ मारली. झाला तो कावळा कमी आणि होडी जास्त दिसत होता. पिंडाला शिववला.

माणसं पांगल्यावर मी पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो. नदी शांत होती. नाईक दत्तारामने दोरी कापली तेव्हा आमची बोट अजून धारेत होती. पुढे काय झालं ते त्याला कळलंच नाही. इतक्या वर्षांत मी हे सगळ्यांना सांगितलं होतं, त्याला सोडून. ऐकणारं तिथे कोणी नाही, हे मला माहीत होतं. तरी रिपोर्ट बाकी होता. टाचा जुळवल्या.

"दत्ता, सगळी काठाला लागली."